कॅश कमी नको

आमच्या घरी लॅपटॉप आणि जावई एकाच वर्षी यायचे होते, आणि बाबांनी दोघांचीही चौकशी एकाच पद्धतीने केली. टिकेल का, पुढे किंमत राहील का, आणि शेजाऱ्यांकडे आहे त्यापेक्षा बरा आहे का. माझी चौकशी करायची कोणाला गरज नव्हती. मी घरातलीच वस्तू होते, वॉरंटी संपत आलेली.

आम्ही हैदराबादला, गौलीगुड्यात राहायचो. पणजोबा मराठवाड्यातली शेती भावांच्या हवाली करून हैदराबाद संस्थानात नोकरीला आले, आणि तेव्हापासून आम्ही घरात मराठी, बाजारात दखनी आणि भाडेकरूंशी तेलुगू बोलतो. बाबा एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. लोकांच्या अर्जांतल्या चुका शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. आपलीही कधी चूक होऊ शकते हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. एखादा शब्द त्यांना कळला नाही तर ते त्याचा अर्थ विचारत नसत, ठरवून टाकत.

त्या वर्षांत सगळं शहर कॉम्प्युटरच्या मागे लागलं होतं. अमीरपेठेत इमारतींवर क्लासचे इतके बोर्ड लागले होते की आत खिडक्या आहेत की नाहीत ते कळेना. बेगम बाजारात मिरची-धण्याचा ठोक धंदा करणारे शेठसुद्धा गिऱ्हाइकाला विचारायचे, "आपका लडका कौनसी लँग्वेज करा?" आणि ज्याचा लडका काहीच करत नव्हता तो माणूस धणे न घेताच परत जायचा.

मला एम.सी.ए. करायचं होतं. गणितात बी.एस्सी. झालं होतं, प्रवेश परीक्षेत चांगला नंबर आला होता, शहरातल्याच एका कॉलेजात सीट मिळाली होती. बाबांनी फीचे पैसे बाजूला काढून ठेवले होते आणि तसं तोंडाने कबूलही केलं होतं. या सगळ्या हकिकतीत मला एवढी एकच गोष्ट हवी होती. बाकीच्यांना बरंच काही हवं होतं, आणि त्यांना ते मिळालं.

तेवढ्यात स्थळ आलं. मुलगा मूळचा पुण्याचा, नोकरी हैदराबादला, सॉफ्टवेअरमध्ये. माधापूरकडे तेव्हा नव्याने उठलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत बसायचा. आईवडील पुण्यात. त्यांचा पहिला निरोपच असा होता की आम्हाला हुंडा नको, आमच्यात ती पद्धत नाही, फक्त मुलाला कामासाठी एक लॅपटॉप द्या. लॅपटॉपला कोणी हुंडा म्हणत नसे, कारण तो इंग्रजी शब्द होता. बाबा खूश झाले. "लॅपटॉपमध्ये सुटलो म्हणजे दोन्ही होईल बघ," ते मला म्हणाले. "लग्न पण, तुझं एम.सी.ए. पण."

मी त्यावर विश्वास ठेवला. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी बापावर विश्वास ठेवते, त्यात माझी काही विशेष अक्कल गेली होती असं नाही.

बैठकीला ते तिघे आले. बाहेरच्या खोलीत पुरुष आणि मुलाची आई, आत स्वयंपाकघरात मी आणि माझी आई. आईने मिरचीची भजी तळली होती. मुलाच्या आईने भज्याकडे पाहून "बाई गं, एवढी मोठी मिरची!" असं म्हटलं आणि बिस्किटाचा एक कोपरा खाल्ला. मला बाहेर बोलावून उभं केलं, नाव विचारलं, जे त्यांना माहीत होतं, आणि शिक्षण विचारलं, तेही माहीत होतं. मी बोलले तेव्हा त्या बाई नवऱ्याकडे बघून हसल्या. "किती गमतीचं मराठी आहे ना यांचं," म्हणाल्या. मग मला आत पाठवलं आणि लॅपटॉपचं बोलणं सुरू झालं.

ते बोलणं मी ऐकलं नाही. आत कढई आवाज करत होती. जे कळलं ते पाहुणे गेल्यावर बाबांकडून. ते स्वयंपाकघरात आले, पाटावर बसले आणि पाणी न पिताच म्हणाले, "कॅश मागितली."

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. "कोणी? त्याच्या वडिलांनी?"

"वडील तर नक्को नक्कोच करायलेत. पोरानं मागितली. मी सरळ विचारलं, लॅपटॉप कोणता पाहिजे ते तुम्हीच सांगा, आम्हाला त्यातलं मालूम नाही. तर काय बोलला मालूम? 'काका, बाकी काही कमीजास्त असलं तरी चालेल, पण कॅश कमी नको. बाकीचं सगळं नंतर वाढवता येतं. कॅश नंतर वाढवता येत नाही, ती आधीच बघून घ्यावी लागते.' अन् हे सगळं हसून हसून. बाप बाजूला बसून मान डोलवायलाय."

"किती?" आईने विचारलं.

"आकडा नाही बोलला. शहाणा आहे. आकडा आपल्यावर सोडला."

"मग विचारायचं ना."

"कसं विचारू? ते तर हुंडा घेत नाहीत!"

हे बाबांचं खरंच होतं. जे हुंडा घेतात त्यांच्याशी घासाघीस करता येते. जे घेत नाहीत त्यांच्यापुढे आकडा कसा काढायचा? आमच्या लोकांत अशा वेळी कोणी खुलासा मागत नाही. खुलासा मागणं म्हणजे समोरच्याला हलकट म्हणणं, आणि तो कितीही हलकट असला तरी जावई होणार असतो.

मी म्हटलं, "नाही म्हणून कळवा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर माहीत होती. ऑफिसात एखादा अर्ज नामंजूर करण्याआधी ते असंच पाहत असणार. "हे बघ पोट्टी," ते म्हणाले, "एम.सी.ए. करून तू काय होणार? सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याला तीन वर्षं लागणार, वर नोकरी लागेल का नाही ते नाही मालूम. इथं इंजिनिअर तयार मिळतोय, बनाबनाया. घरात एक पुरे की."

"पण ते पैसे माझ्या फीचे आहेत."

"हौ. तुझ्यासाठीच ठेवले होते. तुझ्यासाठीच चालले."

आई उरलेली भजी एका डब्यात भरत होती. मी खूप रडले, जेवले नाही, बोलणं टाकलं. या सगळ्याचा उपयोग झाला नाही, हे सांगायला नको. फीची तारीख निघून गेली आणि माझी सीट दुसऱ्या कोणा मुलीला मिळाली. ती आज कुठल्यातरी देशात मोठ्या पगारावर असेल. तिचं भलं होवो असं मी कधीही म्हणणार नाही.

साखरपुडा अफझलगंजच्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. मी खुर्चीवर शालू नेसून बसले होते आणि समोरचं सगळं स्पष्ट दिसत होतं. बाबा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन गेले, खिशातून जाड पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. "बैठकीत बोलणं झालं त्याप्रमाणे," म्हणाले. सासऱ्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगा काहीतरी बोलायला निघाला, त्याचं तोंड उघडलेलंही मला दिसलं, मग मिटलं. सासरे म्हणाले, "अहो, एवढं कशाला?" आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

काय नाटकी माणसं आहेत, मी मनात म्हटलं. मागायचं आणि वर चकित व्हायचं. मी त्या क्षणी माझ्या नवऱ्याचा जेवढा तिरस्कार केला तेवढा कोणाचा केला नसेल, आणि त्याच हाताने त्याच्या बोटात अंगठी घातली.

लॅपटॉप बाबांनी एकट्याने जाऊन सिकंदराबादच्या कॉम्प्युटर मार्केटातून आणला. पाकिटात इतके गेले होते की लॅपटॉपला हात आखडता घ्यावा लागला, म्हणून स्वस्तातला आणला. बसमधून छातीशी धरून आणला. आईने त्याच्या झाकणाला हळदकुंकू लावलं. ते कुंकू फटीत गेलं आणि कायमचं तिथंच राहिलं.

लग्नानंतर आम्ही मेहदीपटणमला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. नवरा वाईट नव्हता. हेच तर संतापजनक होतं. दारू नाही, मारहाण नाही, आवाज चढवणं नाही. "मला अहो-जाहो करू नकोस," पहिल्याच दिवशी म्हणाला, आणि मग थोडं थांबून, "आईसमोर कर." मी जेवायला वाढलं की दरवेळी थँक्यू म्हणायचा. अशा माणसाचा राग धरून ठेवायचा म्हणजे रोज नव्याने मेहनत करावी लागते. मी ती करत होते.

त्याला एकच नाद होता. रविवारी त्याचे ऑफिसातले मित्र जमायचे, मध्ये जाड इंग्रजी मासिकं पसरायची, आणि कुठला प्रोसेसर चांगला, कुठला नुसताच महाग, यावर चहाची आधणं संपेपर्यंत वाद चालायचा. त्यांचा लाडका शब्द होता 'वर्थ'. हे अपग्रेड वर्थ आहे, ते वर्थ नाही. मेमरी टाकणं वर्थ आहे, प्रोसेसर बदलणं वर्थ नाही, त्यापेक्षा नवीन मशीन घ्या. हळूहळू तो शब्द घरभर पसरला. फ्रिज दुरुस्त करणं वर्थ नाही. गौलीगुड्याला रिक्षाने जाणं वर्थ नाही, बसने जा. मी एकदा स्कूटर शिकते म्हटलं तर तो हसत म्हणाला, "तुला किती लागणार आहे गं? वर्थ आहे का?"

लॅपटॉप पहिल्या दिवसापासून रडत होता. एक प्रोग्रॅम उघडला की दुसरा अडायचा. नवरा वैतागायचा, पण तेही हसून. मित्रांसमोर लॅपटॉपवर थाप मारून म्हणायचा, "हा सासरचा आहे, जरा हळू चालतो." मग सगळे माझ्याकडे बघून हसायचे. सासूबाई पुण्याहून आल्या की वेगळाच खेळ असायचा. त्या मला मुद्दाम काहीतरी विचारत, म्हणजे मी 'हौ' म्हणेन, आणि मग फोनवर नणंदेला माझा 'हौ' करून दाखवत. त्यांना ते छान जमायचं.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा एका शनिवारी नवरा मला घेऊन त्याच सिकंदराबादच्या मार्केटात गेला. लॅपटॉपला काय करता येईल ते विचारायचं होतं. दुकानदाराने लॅपटॉप उघडून पाहिला, उलटा केला, परत सुलटा केला. मग माझ्याकडे बघूनच बोलला, कारण हळदकुंकू पाहून त्याने ओळखलं असावं की वस्तू माझ्या माहेरची आहे.

"मेडम, मेमरी बढ़ा सकते. हार्डडिस्क भी बदल सकते. लेकिन इसका प्रॉब्लेम दूसरा है. इसमें कॅश कम है."

"क्या कम है?"

"कॅश. प्रोसेसर के अंदर रहता वो, मेडम. ये सस्ता वाला प्रोसेसर है ना, इसमें कॅश आधा रहता. वो बाद में नहीं बढ़ता."

नवरा माझ्याकडे वळला आणि सहज म्हणाला, "मी तेव्हाच तुझ्या बाबांना सांगितलं होतं. बाकी काही कमीजास्त असलं तरी चालेल, पण कॅश कमी नको. बाकीचं सगळं नंतर वाढवता येतं. कॅश नंतर वाढवता येत नाही, ती आधीच बघून घ्यावी लागते."

शब्द न् शब्द तोच. बाबा पाटावर बसून जे म्हणाले होते तेच, त्याच क्रमाने. मी गणितात पहिल्या वर्गात पास झालेली बाई, मला हा हिशोब सुटायला दुकानदाराने लॅपटॉप बंद करण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. त्याने हुंडा मागितलाच नव्हता. त्याने प्रोसेसरच्या पोटातली ती थोडीशी जागा मागितली होती, जिथे हाताशी लागणारी माहिती ठेवतात. माझ्या बापाने त्या जागेसाठी पाकीट भरून दिलं होतं, आणि लॅपटॉपात ती जागा तर दिलीच नव्हती.

परत येताना मी टँकबंडवर, तलावाच्या कडेला, त्याला स्कूटर थांबवायला लावली. म्हटलं, "तू बाबांकडे पैसे मागितले नव्हतेस."

"पैसे? मी? नाही."

"मग पाकीट?"

तो हसायला लागला. मनापासून हसला, हँडलवर डोकं टेकवून हसला. "अगं, तेच तर! मला हॉलमध्येच शंका आली होती काहीतरी घोळ आहे. घरी जाऊन आमच्या बाबांशी बोललो तेव्हा ट्यूब पेटली. काकांनी कॅशचा अर्थ कॅश घेतला! आम्ही इतके हसलो त्या दिवशी, आईच्या डोळ्यांतून पाणी आलं."

"परत का नाही केलं?"

तो हसायचा थांबला. खरोखर विचार करून उत्तर दिल्यासारखा म्हणाला, "तसं बरं दिसलं नसतं ना. तुझ्या बाबांना किती लाजल्यासारखं झालं असतं. त्यांनी एवढ्या प्रेमाने दिलं. आणि आमचे बाबा म्हणाले, यांच्याकडे पद्धत असेल."

"ते माझ्या एम.सी.ए.च्या फीचे होते."

"हे मला कुठं माहीत होतं?"

नव्हतंच माहीत. मी सांगितलं नव्हतं, कारण हुंडा मागणाऱ्याला काय सांगायचं, असं मला वाटत होतं. मी विचारलं, "कुठं आहेत ते पैसे?"

"गेले तेव्हाच. पुण्याचं बाथरूम केलं ना."

पुण्याचं बाथरूम मला चांगलं माहीत होतं. दिवाळीला गेले तेव्हा सासूबाईंनी मला घर दाखवताना पहिल्यांदा तेच दाखवलं होतं. जमिनीपासून छतापर्यंत निळ्या टाइल्स, मध्ये एक पट्टा माशांचा. "एकदाच करायचं पण नीट करायचं," म्हणाल्या होत्या. मी त्या टाइल्सना टेकून चार दिवस अंघोळी केल्या होत्या आणि रंग छान आहे असंही म्हटलं होतं.

त्या आठवड्यात लॅपटॉपमध्ये जास्तीची मेमरी टाकली. ते वर्थ होतं. मी नवऱ्याला म्हटलं, मला आता एम.सी.ए. करू दे, नव्याने परीक्षा देते. त्याने कपाळाला आठी न घालता माझं सगळं ऐकून घेतलं, तो तसा ऐकून घ्यायचा. मग मासिकातल्यासारखं समजावून सांगितलं. तीन वर्षं, वर फी, मध्ये मूल झालं तर सगळं अर्धवट. बाहेर पडेपर्यंत आज शिकलेलं जुनं होणार. "जुन्या मशीनवर किती खर्च करायचा याला एक मर्यादा असते गं," तो म्हणाला, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याला खरंच वाटत होतं की आपण प्रेमाने बोलतोय.

बाबांना मी काही सांगितलं नाही. त्यांची कीव आली म्हणून नव्हे. बाबांनी त्या काळात जावयाशी एक ताठ अंतर ठेवलं होतं. तो आला की उठून उभे राहायचे, सगळं साग्रसंगीत करायचे आणि त्याच्या डोळ्यांत बघायचे नाहीत. माझ्या पोरीला विकत घेणारा माणूस, असं त्यांना वाटायचं, आणि नवऱ्याला ते कळायचं नाही. दोन्ही घरांत माझ्या बाजूने रागावलेला माणूस एकच होता, बाबा. तो राग चुकीच्या कारणाने होता, तरी मला तो ठेवायचा होता.

पुढे मला मुलगी झाली. माझ्या बाळंतपणाच्या रजेत, म्हणजे त्याच्या रजेत, कारण मला कुठे नोकरी होती, नवऱ्याने नवीन लॅपटॉप घेतला. या वेळी कॅश भरपूर होती. जुना लॅपटॉप विकून काही येणार नव्हतं, म्हणून तो मला दिला. "फोटो ठेवायला उपयोगी पडेल," म्हणाला.

बारसं गौलीगुड्याच्या घरी झालं. गच्चीवर मांडव, शेजारपाजारचे लोक, सासरची माणसं पुण्याहून आलेली. पाळणा झाला, नाव ठेवून झालं, पंगत उठली, आणि निवांत खुर्च्या टाकून सगळे बसले. नवऱ्याचा एक मित्र नवीन लॅपटॉपबद्दल विचारत होता. नवरा म्हणाला, "या वेळी कॅश बघून घेतली रे. मागच्या वेळचा किस्सा सांगू का?" आणि मी उठायच्या आत त्याने सांगायला सुरुवात केली.

तो किस्सा चांगला सांगायचा. मित्रांत अनेकदा सांगून सांगून त्याला धार आली होती. बैठक, बाबांचा गंभीर चेहरा, 'कॅश कमी नको', मग हॉलमधलं पाकीट, दोन्ही हातांनी. बाबांची नक्कलसुद्धा केली, "बैठकीत बोलणं झालं त्याप्रमाणे." बाबा समोरच बसले होते. गच्ची हसून हसून लोटपोट झाली. सासरे रुमालाने डोळे पुसत होते. सासूबाई शेजारणीला कॅश म्हणजे काय ते समजावून सांगत होत्या, त्यांना एव्हाना पाठ झालं होतं.

बाबा आधी हसले नाहीत. कळायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा बदलला, आणि माझ्या लक्षात आलं की ते स्वतःच काहीतरी सांगायला निघालेत. "अरे, तो दुकानवाला पण विचारत होता मला!" ते मोठ्याने बोलले. "इसमें कॅश कम है साब, चलेगा क्या? मी बोललो, चलेगा, कॅश तो हम अलग से दे दिए!"

आता तर हसण्याला काही सुमारच राहिला नाही. नवऱ्याने बाबांना टाळी दिली. किस्स्याला आजवर नव्हता तो शेवट मिळाला होता, आणि तो स्वतः बाबांनी दिला होता.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी मुलीला आईच्या मांडीवर दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आणि त्या कॅशचं काय झालं ते पण सांगा की. ती माझ्या एम.सी.ए.ची फी होती. तिच्या निळ्या टाइल्स झाल्या. माझं एम.सी.ए. पुण्याच्या बाथरूममध्ये आहे. रोज सकाळी सगळे तिथं जाऊन बसतात."

सर्वात मोठा हशा यावरच झाला. मित्राच्या हातातला चहा सांडला. "बाई बाई, हिची जीभ!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "हैदराबादचं पाणी!"

फक्त बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि मग हळूच खुर्चीतून उठले. आता बोलतील, मला वाटलं. हेडक्लार्क आहेत, चूक सापडली की सोडत नाहीत. आता विचारतील, कळलं होतं तर पाकीट परत का नाही केलंत. मी वाट पाहत उभी राहिले. बाबा नवऱ्यासमोर गेले, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, पाकीट दिलं होतं तसाच, आणि म्हणाले, "जावईबापू, मला माफ करा. मी तुमच्याबद्दल मनात वाईट धरलं होतं. तुम्ही तर काहीच मागितलं नव्हतं."

"अहो बाबा, काय हे!" नवरा संकोचून म्हणाला. बाबांनी त्याला छातीशी धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाबा वळून मला म्हणाले, "बघते काय? जावईबापूंना जिलबी आण."

मी खाली स्वयंपाकघरात आले. बाबा माझ्या मागोमागच आले. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी लग्नानंतर पाहिला नव्हता. "पोरगा चांगला निघाला," ते म्हणाले. "खालीपिली मी इतके दिवस परेशान. हुंडा मागणाऱ्याला पोरगी दिली म्हणून झोप नव्हती मला. आज ओझं उतरलं बघ."

"बाबा, आणि माझी फी?"

"कोणती फी?"

"एम.सी.ए.ची. पाकिटात घातलीत ती."

त्यांना आठवायला थोडं थांबावं लागलं. मग आठवलं, आणि ते हसले. समजूत काढताना लहानपणी हसायचे तसंच. "अगं, आता कायकू ते?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता तर तुझ्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे."

वरून जिलबीसाठी हाक आली. मी ताट भरलं आणि जावयाला वाढायला वर गेले.